लहान व अल्पध्वनी गृहसंगणकाची जुळणी : बोली-अभ्यासकाच्या दृष्टीने

ध्वनिविश्लेषणासाठी घरी संगणक घ्यावयाचा तर तो कसा असावा, हा प्रश्न विभागातील संशोधक विद्यार्थी अलीकडे वारंवार विचारतात. प्रश्नाचा रोख बहुधा यंत्राच्या वेगावर असतो. प्रस्तुत लेखकाच्या मते तो यंत्राच्या आवाजावर असावयास हवा. आपल्या कामास लागणारा वेग आज मध्यम किमतीच्या यंत्रातही मिळतो. शांतता मात्र सुटे भाग निवडतानाच मिळवावी लागते, मागाहून ती सहसा साधत नाही. ज्याच्या संशोधनाची सामग्रीच मुळी माणसाचा उच्चार आहे, त्याच्या खोलीत संगणकाचा पंखा घोंघावत असेल तर तो त्या सामग्रीत भेसळ करीत असतो.

आपल्या जिल्ह्यापुरते बोलावयाचे तर ही भेसळ विशेष महाग पडते. अहिल्यानगर, म्हणजे २०२४ पर्यंतचा अहमदनगर, हा क्षेत्रफळाने राज्यातील सर्वांत मोठा जिल्हा होय. १७,०४८ चौरस किलोमीटर आणि चौदा तालुके एवढ्या या विस्तारात अकोल्याकडे सह्याद्रीच्या कुशीत महादेव कोळी व ठाकर समाजांची वस्ती आहे. जामखेड-पाथर्डीचा भाग मराठवाड्याला लागून आहे. कोपरगाव-संगमनेर नाशिककडे झुकतात, तर श्रीगोंदे-कर्जत भीमेच्या खोऱ्याकडे. बोलींच्या सीमारेषा ज्याला शोधावयाच्या आहेत त्याला याहून अधिक समृद्ध प्रदेश क्वचितच मिळेल. ग्रियर्सन यांच्या सर्वेक्षणाला जोडून १९१३ ते १९२९ या काळात हिंदुस्थानातील भाषांच्या ध्वनिमुद्रिका तयार झाल्या. त्यांतील सुईची खरखर टाळणे त्या काळी कोणाच्याही हाती नव्हते. डॉ. अ. मा. घाटगे यांच्या मराठी बोलींच्या सर्वेक्षणाचे खंड १९६३ पासून प्रसिद्ध होऊ लागले; त्यांत पुराव्याचा मुख्य आधार अभ्यासकाचा तयार कान व त्याने केलेले लिप्यंकन हाच होता. आज डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांच्या बोली-सर्वेक्षणात वाचकाला मूळ आवाजच ऐकावयास मिळतो. पुरावा म्हणून आवाजच पुढे ठेवावयाचा झाला, तर त्याच्या शुद्धतेची जबाबदारी मुद्रण करणाऱ्यावर येते. ऐंशी वर्षांच्या एखाद्या आजीबाईंनी सांगितलेली गोष्ट पुन्हा मुद्रित करण्याची संधी मिळेलच असे नाही.

येथे कोणी म्हणेल, की क्षेत्रकार्यात आपण बॅटरीवर चालणारे हातातले मुद्रणयंत्र वापरतो, तेथे संगणकाचा संबंध येतोच कोठे? आक्षेप बरोबर आहे, पण अपुरा आहे. गावी केलेल्या मुद्रणानंतर शंकानिरसनासाठी तीच माणसे कोर्टकचेरीच्या किंवा दवाखान्याच्या निमित्ताने नगरला आली असता आपल्या घरी बसतात. त्या वेळी आधीचे मुद्रण संगणकावर ऐकवून त्यांचे उच्चार पुन्हा घ्यावे लागतात. त्या वेळी यंत्र चालूच असते. शिवाय लिप्यंकनाचे काम संगणकासमोर बसून शेकडो तास करावयाचे असते. शब्दान्तीचा अर्धवट अघोष झालेला ऱ्हस्व स्वर आहे की नाही, हे ठरविताना पंख्याचा सततचा सूर कानाला फसवितो.

हा सूर नेमका कोठे पडतो ते पाहणे उद्बोधक आहे. सात पात्यांचा पंखा मिनिटाला १२०० फेरे घेत असेल, तर सेकंदाला २० फेरे व १४० पात्यांचे तडाखे होतात. म्हणजे त्याचा मुख्य सूर १४० हर्ट्झचा. प्रौढ पुरुषाच्या बोलण्याचा मूलस्वर सामान्यतः १०० ते १५० हर्ट्झच्या दरम्यान असतो. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कचा सूर १२० हर्ट्झचा, ५४०० फेऱ्यांचीचा ९० हर्ट्झचा. आपल्याकडील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्यामुळे रोहित्रांची गुणगुण १०० हर्ट्झवर येते. योगायोग असा, की घरातील बहुतेक यंत्रे पुरुषी आवाजाच्याच पट्टीत गुणगुणतात.

आता मराठीतील एक नेहमीचा प्रश्न घ्या. वक्ता ‘नाही’ म्हणतो की ‘न्हाई’, ‘मातारा’ म्हणतो की ‘म्हातारा’? अनुनासिकाबरोबरचे हे महाप्राणत्व पुढील स्वरात मर्मराच्या रूपाने उतरते, आणि ते मोजण्याची रूढ रीत म्हणजे त्या स्वराचा मूलस्वर व त्याच्या दुप्पट कंप्रतेचा उपस्वर यांच्या तीव्रतांमधील अंतर पाहणे. मर्मरयुक्त स्वरात मूलस्वर तुलनेने बळावलेला असतो. वक्त्याचा मूलस्वर १४० हर्ट्झच्या आसपास असेल आणि पंख्याचा सूरही तेथेच भर घालीत असेल, तर हलक्या आवाजात बोलणाऱ्या माणसाच्या बाबतीत आपण मर्मर मोजतो आहोत की पंखा, हे सांगणे अवघड होते. गाळणी लावून ती रेघ काढावी म्हटले, तर तिच्याबरोबर आवाजाचा मूलस्वरही जातो. दुसरे टोक म्हणजे चवर्गाचे. ‘चार’ या संख्यावाचकातील तालव्य च आणि गुरांच्या ‘चारा’ मधील दंत्य च देवनागरीत सारखेच लिहिले जातात. त्यांचा भेद घर्षणाच्या पट्ट्यात असतो, दंत्याचे घर्षण वरच्या कंप्रतांवर एकवटते. वाऱ्याचा सुसाट आवाज आणि वीजपुरवठ्याच्या वेटोळ्यांची बारीक शीळ हे उपद्रव नेमके याच वरच्या भागात होतात.

एवढे पाहिल्यावर यंत्राकडे वळू. संगणकात आवाज करणारी वस्तू मुख्यतः एकच, ती म्हणजे पंखा. आणि पंख्याचे कारणही एकच, उष्णता. पंख्यांच्या शास्त्रातील स्थूल नियम असा, की फेरे निम्मे केले तर वारा निम्मा होतो, पण आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. हा व्यवहार फार फायद्याचा आहे. पंख्याचा व्यास वाढविणे त्याहूनही फायद्याचे. वाऱ्याचे प्रमाण फेऱ्यांच्या सम प्रमाणात, पण व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणून ८० मिलिमीटरचा पंखा २७०० फेऱ्यांनी जेवढा वारा देतो, तेवढाच वारा त्याच घडणीचा १२० मिलिमीटरचा पंखा ८०० फेऱ्यांत देईल. यावरून एक अप्रिय निष्कर्ष निघतो : लहान आणि शांत हे दोन गुण परस्परांचे वैरी आहेत. लहान पेटीत लहान पंखा मावतो, तो वेगाने फिरवावा लागतो, आणि वेगाने फिरणारा लहान पंखा हाच सर्वांत कर्कश असतो. लॅपटॉपचा कडक उन्हाळ्यातील आक्रोश ज्यांनी ऐकला आहे त्यांना हे वेगळे सांगावयास नको. दोन्ही गुण एकत्र हवे असतील तर तडजोड एकाच ठिकाणी करता येते, ती म्हणजे निर्माण होणाऱ्या उष्णतेत.

परदेशी परीक्षणे वाचून भाग निवडणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ती परीक्षणे बहुधा २० ते २५ अंशांच्या खोलीत केलेली असतात. नगरचा एप्रिल-मे तसा नसतो. पारा ४० अंशांच्या वर जातो, स्लॅबचे छत दिवसभर तापून रात्री उष्णता खाली सोडीत राहते, आणि मुद्रणाच्या वेळी तर छताचा पंखाही बंद करावा लागतो, कारण त्याच्याएवढा मोठा आवाज खोलीत दुसरा नसतो. (जुन्या माळवदाच्या घरात बसून काम करणाऱ्याचे भाग्य थोर, जाड मातीच्या त्या छताने उष्णता व आवाज दोन्ही अडतात.) हिशेब सोपा आहे. प्रोसेसरवरील हीटसिंक मंद पंख्यासह दर वॅटला ०.४ अंश वाढ होऊ देते असे उदाहरणादाखल धरू, आणि कॅबिनेटमधील हवा खोलीपेक्षा ८ अंशांनी अधिक तापते असे मानू. खोली ४० अंशांची असेल तर ११७ वॅट ओढणारा प्रोसेसर ४० + ८ + ४७ म्हणजे ९५ अंशांवर जाईल. ८८ वॅटचा ८३ अंशांवर, आणि ६० वॅटचा ७२ अंशांवर. प्रोसेसरांची सहनशक्ती साधारणतः ९५ ते १०० अंशांपर्यंत असते. पहिल्या बाबतीत पंखा पूर्ण वेगाने धावणार हे उघड आहे. तिसऱ्या बाबतीत तो मंद राहू शकतो.

हे आकडे काल्पनिक यंत्रांचे नाहीत. इंटेलचा कोअर आय५-१२४०० हा प्रोसेसर ६५ वॅटचा म्हणून विकला जातो. पण भर आला की त्याला ११७ वॅटपर्यंत वीज घेण्याची मुभा असते. एएमडीच्या रायझन ५ ५६००जी (२०२१) व रायझन ५ ८६००जी (२०२४) या सहा गाभ्यांच्या प्रोसेसरांवरही ६५ वॅट असे लिहिलेले असते, आणि त्यांची प्रत्यक्ष मर्यादा ८८ वॅटची असते. तथापि मदरबोर्डच्या बायोसमध्ये जाऊन ही मर्यादा खाली आणता येते. एएमडीच्या या दोन्ही प्रोसेसरांना ४५ वॅटच्या वर्गात बसविण्याची सोय आहे, त्या वेळी प्रत्यक्ष वीज ६० वॅटच्या आसपास राहते. वेग थोडा घटतो, पण ‘प्रात’सारख्या प्रणालीला तो जाणवतही नाही. (पॉल बूर्स्मा व डेव्हिड वेनिंक यांनी ॲम्स्टरडॅम येथे तयार केलेल्या या प्रणालीचे नाव डच भाषेतील आज्ञार्थी क्रियापद आहे, अर्थ ‘बोल!’. नामकरण करणाऱ्यांची रसिकता मान्य करावयास हवी.) प्रस्तुत लेखकाची पसंती या दोन एएमडी प्रोसेसरांपैकी नव्याला आहे, चित्रदर्शनाची सोय त्यातच असल्यामुळे वेगळे ग्राफिक्स कार्ड लागत नाही.

ग्राफिक्स कार्डाविषयी आग्रहाने लिहिणे आवश्यक आहे, कारण दुकानदाराचा व मित्रमंडळींचा आग्रह नेमका त्यासाठीच असतो. बोलणे ऐकून आपोआप लिहून देणाऱ्या ‘व्हिस्पर’ (२०२२) सारख्या प्रणालींना असे कार्ड उपयोगी पडते हे खरे. परंतु शंभर-दोनशे वॅटचा हा चुलखंड अभ्यासाच्या खोलीत आणला, की वर केलेला सारा हिशेब फुकट जातो. ते काम रात्री प्रोसेसरवरच हळूहळू होऊ द्यावे, अथवा विभागाच्या सामाईक यंत्रावर करावे. बोलीच्या लिप्यंकनात अशा प्रणाली प्रमाण मराठीचे रूप लिहून मोकळ्या होतात, ‘न्हाई’चे ‘नाही’ करून टाकतात. तेव्हा त्यांच्यासाठी घरची शांतता गमावणे या लेखकाला तरी पटत नाही.

कॅबिनेटची निवड मदरबोर्डच्या आकारावर अवलंबून असते. मिनी-आयटीएक्स हा सर्वांत लहान प्रचलित आकार १७ सेंटिमीटर चौरस, तर मायक्रो-एटीएक्स २४.४ सेंटिमीटर चौरस. मिनी-आयटीएक्ससाठी चार-पाच लिटर घनफळाची चिमुकली कॅबिनेटेही मिळतात. ती दिसावयास मोहक असतात, पण घेऊ नयेत. पंधरा ते वीस लिटरांचे, म्हणजे साधारण घागरीएवढे, कॅबिनेट घ्यावे. त्यात १२० किंवा १४० मिलिमीटरचे पंखे मावतात, प्रोसेसरवर उंच हीटसिंक बसतो, आणि यंत्र एका हाताने उचलून शेजारच्या खोलीत नेता येते. आपल्याला हवा असलेला लहानपणा एवढाच. समोरची बाजू जाळीची असावी. सध्या काचेच्या दर्शनी भागाची व रंगीबेरंगी दिव्यांची फॅशन आहे. काचेमागून पंख्याला वारा ओढण्यासाठी धापा टाकाव्या लागतात. जाळीमागे धूळ अडविणारी, काढून धुता येईल अशी गाळणी हवी. पावसाच्या छायेतील आपल्या तालुक्यांत फेब्रुवारीपासून जी धूळ उडते, ती हीटसिंकच्या पत्र्यांत साचली की दोन महिन्यांत पंख्याचे फेरे वाढलेले दिसतात. बिनपंख्याच्या यंत्रांची जाहिरात वाचून कोणी मोहात पडेल. पण ४० अंशांच्या स्तब्ध हवेत केवळ पत्र्यांनी उष्णता वाहून नेण्याची अपेक्षा करू नये. मंद फिरणारा एक मोठा पंखा हाच आपल्या हवामानास योग्य.

एसएमपीएसकडे, म्हणजे वीजपुरवठ्याच्या पेटीकडे, ग्राहकाचे सर्वांत कमी लक्ष जाते, आणि दुकानदार अंदाजपत्रक खाली आणावयाचे म्हटले की प्रथम तिच्यावरच कात्री चालवितात. येथे काटकसर नको. ‘८० प्लस’ या २००४ पासूनच्या मानकातील ‘गोल्ड’ दर्जाची पेटी निम्म्या भाराला सुमारे ९० टक्के कार्यक्षम असते. वाया जाणारी वीज कमी, म्हणून उष्णता कमी. अशा कित्येक पेट्यांत भार हलका असता पंखा मुळीच फिरत नाही. आपले यंत्र सगळे मिळून शंभर वॅटसुद्धा क्वचितच घेईल, म्हणून ५५० वॅटची पेटी घेतली तर तिचा पंखा बहुतेक काळ थांबलेलाच राहील. एसएफएक्स या लहान आकाराच्या पेटीत पंखा ८० किंवा ९२ मिलिमीटरचा असतो. कॅबिनेटमध्ये मावत असेल तर साधी एटीएक्स पेटीच घ्यावी.

या पेटीशी निगडित अशी एक अडचण परदेशी लेखनात सहसा आढळत नाही, ती म्हणजे आपल्याकडील इन्व्हर्टर. चौकोनी लहरींचा स्वस्त इन्व्हर्टर चालू झाला की ट्यूबलाइटपासून पंख्यापर्यंत घरातील सारी उपकरणे घुंऽऽ असा आवाज करू लागतात, आणि हा घोष मुद्रणात स्पष्ट उतरतो. आधुनिक एसएमपीएसना तर शुद्ध साइन लहरच मानवते. वीज गेल्यानंतर या पेट्या सुमारे १६-१७ मिलिसेकंदच तग धरतात. तेव्हा इन्व्हर्टर शुद्ध साइन लहरींचा असावा व त्याची कळ ‘यूपीएस’ या स्थितीत ठेवावी, म्हणजे बदल लवकर होतो. वेगळा यूपीएस घेतल्यास तो शेजारच्या खोलीत ठेवावा, कारण त्याच्या रोहित्राची गुणगुण शंभर हर्ट्झवर हजर असतेच.

राहिलेल्या भागांविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. रॅम आवाज करीत नाही. १६ जीबी पुरते, ३२ असल्यास उत्तम. साठवणीसाठी एनव्हीएमई एसएसडी घ्यावी; फिरणारी हार्ड डिस्क मुद्रणाच्या खोलीत नकोच. जागा किती लागेल याचा हिशेब विद्यार्थी अवाच्या सवा करतात. सेकंदाला ४८,००० नमुने व प्रत्येक नमुना २४ बिटांचा धरल्यास एकमार्गी मुद्रणाच्या एका तासाला सुमारे ५१८ मेगाबाइट लागतात. दोनशे तासांचा संग्रह १०४ जीबीत बसतो. एक टेराबाइटची एसएसडी प्रबंधाला पुरून उरेल. दुसरी प्रत बाहेरील डिस्कवर व तिसरी विभागात ठेवावी, हे मात्र कोणी विसरू नये.

तयार मिळणाऱ्या यंत्रांचा विचार टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. ॲपलचा २०२४ सालचा मॅक मिनी १२.७ सेंटिमीटर चौरस व पाच सेंटिमीटर उंच असून नेहमीच्या कामात त्याचा आवाज जवळजवळ ऐकू येत नाही. ज्याला केवळ शांतता हवी आणि जुळणीचा व्याप नको, त्याने तो खुशाल घ्यावा. त्याची रॅम मागाहून वाढविता येत नाही, आणि बिघडलेला एकच भाग बदलून काम भागविण्याची सोय फारशी राहत नाही. सुट्या भागांचे यंत्र मात्र पंखा झिजला तर पंखा बदलून पूर्ववत होते. हे भाग पुण्यात तापकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळतात. नगरमधील विक्रेतेही मागवून देतात, परंतु नेमका क्रमांक लिहून द्यावा, अन्यथा ‘तसलेच’ काही हाती पडते. पंख्याच्या बाबतीत पात्यांची संख्या मोजून घ्यावयास लाजू नये. सात पात्यांचा पंखा ६०० फेऱ्यांवर स्थिर ठेवला तर त्याचा सूर ७० हर्ट्झवर, म्हणजे बहुतेक पुरुषांच्या मूलस्वराच्या खाली, जातो. स्थिर हा शब्द महत्त्वाचा आहे. बायोसमध्ये पंख्याची गती तापमानाबरोबर क्षणोक्षणी चढउतार करणार नाही अशी व्यवस्था करावी, कारण सरकणारा सूर मुद्रणातून ओळखणे व वगळणे दोन्ही कठीण.

यंत्र घरी आल्यावर ते मायक्रोफोनच्या टेबलावर ठेवू नये. लाकडातून कंप पोहोचतात. मायक्रोफोनखाली घडी घातलेली गोधडी ठेवावी, आणि वक्त्यापासून त्याचे अंतर वीतभर असावे, कारण अंतर निम्मे केले की आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो, पंख्याचा मात्र तेवढाच राहतो. यूएसबीची साधी तार पाच मीटरपर्यंत चालते. भिंतीला भोक पाडण्याची घरच्यांची परवानगी असेल, तर यंत्र पलीकडच्या खोलीत आणि पडदा व कळफलक अलीकडे, ही सर्वांत स्वस्त युक्ती होय.

शेवटी चाचणी. रिकाम्या खोलीचे दोन मिनिटे मुद्रण करावे, प्रथम यंत्र बंद असता हातातील मुद्रणयंत्रावर, नंतर त्याच जागी संगणक चालू ठेवून. दोन्ही मुद्रणे ‘प्रात’मध्ये उघडून ध्वनिलेखाची खिडकी ०.०३ सेकंदांची करावी व खालचे ५०० हर्ट्झ पाहावेत. दुसऱ्या चित्रात ज्या नव्या आडव्या रेघा दिसतील त्या यंत्राच्या. प्रत्येक रेघेची कंप्रता वाचून तिला साठाने गुणावे व पात्यांच्या संख्येने भागावे; भागाकार कोणत्या पंख्याच्या फेऱ्यांशी जुळतो ते पाहिले म्हणजे दोषी भाग सापडतो. ही चाचणी दिवाळीच्या थंडीत एकदा करून थांबू नये. मे महिन्यातील दुपारी तीनच्या सुमारास, खिडक्या व छताचा पंखा बंद ठेवून, ती पुन्हा करावी आणि त्याच वेळी प्रोसेसरचे तापमान वहीत टिपून ठेवावे.